वरचा प्लॉट, खालचा प्लॉट

धरण तळाला गेलं की आमच्या शहरातली माणसं ते बघायला जातात. भरल्यावर जातात तशीच. गाडी काढून, लेकरंबाळं घेऊन, डबे बांधून. यंदा वैशाखात आमच्या शेजारीणबाई जाऊन आल्या. भेगाळलेल्या जमिनीवर उभं राहून काढलेले फोटो त्यांनी मला दाखवले. "बघा ना, जीव तुटतो अगदी," असं म्हणत त्या एकेक फोटो पुढं सरकवत होत्या आणि प्रत्येक फोटोत सगळे हसत होते. मला मात्र त्या माणसांच्या पाठीमागचं बघायचं होतं. लांबवर काळ्या मातीत दगडांचे ढीग दिसत होते.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"काय की. दगड असतील," त्या म्हणाल्या.

दगडच ते. पण असल्याच ढिगांमधून एका उन्हाळ्यात माझे वडील अख्खी दुपार फिरले होते, त्यांच्या मागं आई, आणि आईच्या मागं मी. तो उन्हाळा मला अजून नीट कळलेला नाही. काही वर्षं आठवली की मन शांत होतं, काही आठवली की दुखतं. हे आठवलं की मी नुसती गोंधळते. तेव्हाही गोंधळले होते. तेव्हा वाटायचं, मोठं झाल्यावर कळेल.

आम्ही त्या वेळी बजाजनगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, वाळूजला एका कंपनीत कामाला होते. आमच्या ओळीत कोणी परभणीकडचं, कोणी जालन्याचं, कोणी खानदेशातलं. प्रत्येकाच्या गावाकडं दुष्काळ, आणि इथं मात्र सगळ्यांच्या नळाला एकाच धरणाचं पाणी. तेही रोज नाही. त्या वर्षी पाऊस झालाच नव्हता, आणि त्याच्या आदल्या वर्षी झाल्यासारखा करून निघून गेला होता. उन्हाळ्याचा वास म्हटला की लोकांना आंबा आठवतो, मोगरा आठवतो. मला तापलेल्या प्लास्टिकच्या ड्रमचा वास आठवतो. टँकर आला की बायका पदर खोचून पळायच्या आणि मग हंडे भरण्याचा आवाज सुरू व्हायचा. पहिल्यांदा ढबढब, मग हळूहळू चढत चढत बारीक होत जाणारा. न बघताही कळायचं, कोणाचा हंडा कुठवर आलाय.

त्याच उन्हाळ्यात अण्णांनी स्वतःची जागा घ्यायचं मनावर घेतलं. शहर तेव्हा गारखेड्याच्या पुढं सरकत होतं. ज्वारीच्या रानात चुन्याच्या रेघा मारलेल्या, कोपऱ्याकोपऱ्याला दगड रोवलेले, आणि मधूनच एखादं एकटंच घर, वाट चुकलेल्या माणसासारखं उभं. सलीमभाई नावाचे एजंट होते. त्यांनी एका रविवारी दुपारी आम्हाला दोन प्लॉट दाखवले.

एक खाली होता, नाल्याच्या अंगाला. काळी माती, बांधावर बाभळी, आणि पलीकडं एक जुनी विहीर. दुसरा वर, मुरमाड चढावर. तिथं झाड नव्हतं, गवत नव्हतं. होता तो वारा, आणि दक्षिणेला शहराजवळच्याच सातारा गावाचे डोंगर, उन्हात राखेच्या रंगाचे.

सलीमभाईंनी आईला विहिरीपाशी नेलं. "भाभी, झाँक के तो देखो. पूरे शहर में धूल उड़ रही. इस कुएँ में पानी है के नहीं?"

आईनं वाकून पाहिलं. तेवढ्यानं खात्री पटेना म्हणून एक खडा टाकला. डुबुक असा आवाज वर आला, आणि तिच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी नंतर फार थोड्या वेळा पाहिलं.

"हाच," ती म्हणाली.

अण्णा तोवर वरच्या प्लॉटवर पोचले होते. तिथूनच ओरडले, "हा बघ! हा घेऊ!"

आईचं माहेर खुलताबादच्या पलीकडं, डोंगरावर. घरं वर आणि विहीर खाली. डोक्यावर हंडा, कमरेला कळशी, आणि चढ. चढताना मान इतकी ताठ धरावी लागायची, की लहानपणी पायाखालची वाट कधी बघितल्याचं तिला आठवत नाही. सीताफळाच्या दिवसांत वाटेवर पिकलेली फळं लोंबत असायची, पण तोडायला हात मोकळा नसायचा. आपले वाडवडील वर का राहायला गेले, असं तिनं एकदा तिच्या भावाला, माझ्या मामाला विचारलं होतं. मामा म्हणाला, "वर हवा चांगली." आई म्हणाली, "हवा पेता काय?" शेकडो वर्षं माणसं त्या डोंगरावर राहताहेत आणि पाणी खालून वर नेताहेत. कोणीतरी पहिल्यांदा तिथं ओझं उतरवलं असेल, म्हटलं असेल, आता इथंच. त्याला काय दिसलं असेल?

आणि अण्णांचं गाव गोदावरीच्या काठावर होतं. होतं, कारण आता नाही. पैठणला धरण झालं तेव्हा ते पाण्याखाली गेलं. अण्णा लहान होते. पाणी धो धो आलं असेल असं मला वाटायचं, पण अण्णा म्हणायचे तसं नव्हतं. ते हळू आलं. सकाळी मळ्याच्या खालच्या अंगाला, सांजंला खळ्यापाशी, दुसऱ्या दिवशी वेशीत. कोणाच्या अंगावर न धावता, नुसतं जवळ येत राहिलं. गावानं दारं, चौकटी, तुळया उपसून बैलगाड्यांत घातल्या होत्या. नव्या गावात, मुरमावर, मिळालेल्या जागेत आजोबांनी तीच चौकट बसवली. चौकट मोठी आणि घर लहान. भिंत कमी आणि दारच जास्त असं ते घर मी पाहिलेलं आहे. नकाशात अण्णांच्या गावाचं नाव आजही सापडतं, पण त्या नावाखाली दुसरंच गाव आहे.

म्हणजे पाण्यासाठी जिची मान अवघडली तिला पाण्याजवळ जायचं होतं, आणि पाण्यानं ज्याला उठवलं त्याला पाण्यापासून लांब. आज हे एका वाक्यात मांडता येतं. तेव्हा मला एवढंच दिसायचं की जेवताना विषय निघतो आणि भाकरी ताटात तशीच राहते.

"नाल्याला पाणी कवा पाह्यलं तुमी?" आई म्हणायची. "पोरं क्रिकेट खेळतात त्याच्यात."

"आज खेळतात. पाण्याची वाट हाय ती. आपण घर बांधलं म्हून ती हालती का?"

"अन् वर काय हाय? धोंडे. नळ कवा येणार तिथं?"

"येईल की."

"तवर?"

अण्णा पाण्याचा तांब्या उचलायचे आणि घोटभरच पिऊन खाली ठेवायचे.

माझ्या भूगोलाच्या पुस्तकात एक धडा होता. माणसं पाण्याच्या आश्रयानं वस्ती करतात, असं त्यात दिलं होतं. एकदा मी तो मुद्दाम मोठ्यानं वाचला. मला वाटलं, आता निकाल लागेल. आई म्हणाली, "ऐका." अण्णा म्हणाले, "पुढं वाच." पुढं पुराबद्दल होतं. मी पुस्तक मिटलं.

सलीमभाई अधूनमधून स्कूटरवर यायचे, चहा प्यायचे आणि डोक्याला हात लावायचे. "भाईसाब ऊपर, भाभी नीचे. मैं बीच में सूख रहा. एक तो भी बोलो ना." दोन्ही प्लॉटना दुसरी गिऱ्हाइकं आहेत, हेही ते सांगायचे. ते खरं होतं की खोटं, कोण जाणे.

मग नव्या गावाहून कोणीतरी निरोप आणला, की धरणाचं पाणी पार मागं सरलंय आणि जुनं गाव उघडं पडलंय. अण्णा आईला म्हणाले, "चल. तुला एकदा दाखवतो. पाणी काय करतं ते डोळ्यानं बघ, मंग तूच सांग कुठं ऱ्हायचं."

रविवारी पहाटेच्या एसटीनं आम्ही पैठणला गेलो. तिथून पुढं जीप आणि मग चालणं. मी आयुष्यात तेवढी सपाट जमीन पाहिली नव्हती. मातीला भेगा, भेगांत शिंपले. पायाखाली ते कुरकुर वाजायचे. कुठंतरी लांब, डोळे बारीक केले तर, पाण्याची चकाकणारी एक रेघ दिसत होती.

"एवढंच?" आई म्हणाली. वर्षानुवर्षं ती ज्या पाण्याबद्दल ऐकत आली होती, ते तिला शोधून काढावं लागलं.

"आगं आपण उभं हाओत ना, तिथं डोक्याच्यावर पाणी असतं," अण्णा म्हणाले. मी वर पाहिलं. वर स्वच्छ, कोरडं आभाळ होतं. त्यात मासे फिरताना मला क्षणभर दिसले आणि मी आईचा हात धरला.

अण्णा भरभर पुढं गेले. दगडांच्या एका ढिगापाशी थांबले. "हे मारुतीचं देऊळ. म्हंजी आपलं घर..." त्यांनी हात उजवीकडं केला, चालत गेले, दुसऱ्या ढिगावर चढले. "हेच. इथं ओटा व्हता." मग ते खाली उतरले. "नाय. देऊळ ते नाय. देवळाच्या मागं उतार व्हता. हितं उतारच नाय."

गाळानं सगळा उतार भरून काढला होता. चढ नाही, खोलगट नाही, नदी कुठल्या अंगाला होती तेही कळत नव्हतं. अण्णा एका ढिगाकडून दुसऱ्याकडं जायचे, पायानं माती उकरायचे, परत यायचे. प्रत्येक वेळी म्हणायचे, "हेच." आई प्रत्येक वेळी मागं जायची आणि म्हणायची, "असंल." ऊन चढत गेलं. अण्णांचा सदरा पाठीला चिकटला. शेवटी शेवटी ते 'हेच' म्हणायचेही थांबले. नुसते जायचे, उभे राहायचे आणि आमच्याकडं बघायचे. जणू आम्हालाच ते ठाऊक असावं.

त्या सगळ्या उजाड पट्ट्यात एक हिरवा तुकडा होता. काकड्यांचे आणि खरबुजांचे वेल, आणि कडेला कपाशीच्या पऱ्हाट्यांची एक खोप. एक बाई वेलांत वाकून काम करत होती. गयाबाई तिचं नाव. तिनं आम्हाला सावलीत बोलावलं, पाणी दिलं, आणि काकडी मोडून माझ्या हातात ठेवली.

"कोणाचं काय हरवलं?" तिनं विचारलं.

"घर," आई म्हणाली. "ह्यांचं गाव व्हतं इथं."

गयाबाईनं आजूबाजूला पाहिलं. "गाव व्हतं व्हय? आमाला काय ठावं. नांगराला दगूड लागतो, तवा वाटायचं, कायतरी असंल."

"तुमी कुठल्या?"

"आमी? पाणी मागं सरलं की हितं येतो. गाळाची जमीन, लई पिकती. पाणी आलं की उठतो."

"मंग घर कुठं हाय तुमचं?"

गयाबाई हसली. तिनं खोपीकडं हात केला, मग त्या लांबच्या पाण्याच्या रेघेकडं, मग आमच्या मागं, काठाच्या बाजूला. "तसं बघाया गेलं तर समदंच," ती म्हणाली, आणि परत वेलांत वाकली.

अण्णा काकडी हातात धरून बसले होते. बहुधा त्यांच्याच घरावर, किंवा शेजाऱ्याच्या, किंवा कोणाच्याच नाही अशा जागेवर. मी माझी काकडी खाऊन टाकली. ती इतकी गोड आणि थंडगार होती, की आजही काकडी खाताना मला तिथला चिखलाचा वास येतो आणि तो वास मला आवडतो. हे मी अण्णांना कधी सांगितलं नाही. सांगावं की नाही, हेही ठरत नाही.

जे दाखवायला अण्णा आईला घेऊन गेले होते, ते तिला दिसलं की नाही, हे त्यांनी परतीच्या एसटीत विचारलं नाही.

पुढच्या खेपेला सलीमभाई आले तेव्हा आईनंच दार उघडलं. चहा टाकायच्या आधीच म्हणाली, "भाई, वरचा पक्का करा."

सलीमभाई अण्णांकडं बघायला लागले. अण्णा आईकडं. "आगं, पण विहीर?" ते म्हणाले. "तुला तर..."

"वरचा," आई म्हणाली, आणि आत गेली.

अण्णांना आनंद व्हायला हवा होता. पण परीक्षेत न लिहिलेल्या उत्तराला गुण मिळावेत तसा त्यांचा चेहरा झाला होता. खूप वर्षांनी, एकदा मेथी निवडताना, मी आईला विचारलं की तू तेव्हा अशी अचानक का फिरलीस. ती काड्या बाजूला करत राहिली. मग म्हणाली, "माझ्या माहेरची विहीर आटली तरी जागंवर हाय. तुझ्या बापाचं गाव कोरडं पडलं तरी सापडंना. म्या म्हणलं, ह्या माणसाला आता असं शोधत फिरायची पाळी नगं." एवढं बोलून तिनं भाजी धुवायला घेतली.

वरच्या प्लॉटवर घर झालं. नळ आला नाही. आणि मग अण्णांनी एक गोष्ट सुरू केली, जी ते पाइपलाइन येईपर्यंत करत राहिले. कंपनीतून आले की चहाही न घेता सायकलच्या कॅरिअरला दोन बाजूंनी कॅन बांधायचे आणि खाली त्या नाल्याकाठच्या विहिरीवर जायचे. ती जागा तोवर दुसऱ्यांनी घेतली होती, पण ती माणसं पाण्याला नाही म्हणत नसत. येताना चढावर सायकल हातानं ढकलत आणायचे. आईनं एकदा हंडा घेऊन खाली जायची तयारी केली, तर अण्णांनी तिच्या हातातून तो काढून घेतला. "हे तुझं काम नाय," म्हणाले. "इथं नाय."

आमच्या वस्तीतल्या बाया हे बघून तोंडाला पदर लावायच्या. आईला लाज वाटायची. ती चढाच्या शेवटच्या टप्प्यात जाऊन उभी राहायची, आणि अण्णा जवळ आले की मागून सायकलला हात लावायची. दोघं मिळून सायकल वर आणायची. मागं डोंगरांवर ऊन उतरत असायचं, कॅनमधलं पाणी डचमळत असायचं. ते बघताना मला कधी भरून यायचं, तर कधी राग यायचा, की चांगली भरलेली विहीर सोडून ही माणसं इथं वर का येऊन बसली!

त्यांचा निर्णय बरोबर होता की चूक, हे मी पुष्कळदा ठरवून पाहिलं. खालच्या प्लॉटच्या आसपास पुढं इतक्या बोअर झाल्या की ती विहीर कोरडी पडली आणि एक दिवस बुजवली गेली. तेव्हा वाटलं, बरं झालं, आई हट्टाला पेटली नाही. मग एका पावसाळ्यात नाला फुगला आणि तिथल्या घरांत पाणी शिरलं; लोकांनी गाद्या गच्चीवर नेल्या. तेव्हा वाटलं, अण्णा म्हणत होते तेच खरं. पण त्याच लोकांच्या दारात पुढच्या उन्हाळ्यात टँकर उभे होते. पाणी नको तेव्हा आलेलं आणि हवं तेव्हा गेलेलं, एकाच जागी. आता तिथं मोठी इमारत आहे, आणि तिथले फ्लॅट सगळे भरलेले आहेत.

त्या दुष्काळानंतरच्या वर्षी धरण भरलं. आमच्या इथं पाऊस बेताचाच होता. पण गोदावरीच्या वरच्या अंगाला, नाशिककडं, तो चांगला झाला, आणि आमचं शहर त्या दुसरीकडच्या पावसानं वाचलं. पेपरात बातमी आली. वस्तीत जो तो एकमेकांना सांगत होता. अण्णा संध्याकाळी पेढे घेऊन आले. "धरण भरलं," असं म्हणत घरोघर देऊन आले. परत येऊन खुर्चीत बसले. हातात उरलेला पेढा तसाच.

आईनं विचारलं, "अवो, आनंद झालाय का वाईट वाटतंय?"

"मलाच कळंना गं," अण्णा म्हणाले.

आईनं तो पेढा त्यांच्या हातातून घेतला, मोडला, अर्धा त्यांना दिला. दोघांनी खाल्ला.

यंदा मी आणि माझा नवरा विवेक फ्लॅट शोधतो आहोत. अण्णा आणि आई अजून वरच्याच घरात असतात. शहर आता त्या चढाच्याही पुढं, डोंगराच्या पायथ्यापर्यंत गेलं आहे. जिथं काही नव्हतं तिथं बारा-बारा मजले उभे राहिले आहेत, आणि त्यांच्या फाटकाशी टँकर. प्रत्येक इमारतीत नमुना म्हणून सजवलेलं एक घर असतं. विवेक स्वयंपाकघर बघतो, पार्किंग बघतो. मी बाल्कनीत जाऊन जमीन कुठं कलते ते बघत राहते. बघून काय करायचं, ते मात्र मला ठाऊक नाही.

परवा दोन जागांमधली एक नक्की करायची होती. एक डोंगराच्या अंगाला उंचावर, दुसरी जुन्या वस्तीत, सखल. दाखवणारा मुलगा चावी बोटाभोवती फिरवत उभा होता. मी घरी फोन लावला.

अण्णांनीच उचलला. मी दोन्ही जागा सांगितल्या. ते लगेच म्हणाले, "खालची घे. पाण्याची सोय बघावं माणसानं आधी. वर पाणी न्यायचं म्हंजी काय असतं ते मला इचार."

तोवर आईनं फोन ओढून घेतलेला असावा. "त्यांचं काय ऐकती? वरचीच घे. खाली घर घेतं का कुणी? पाणी शिरलं की पळता भुई थोडी हुईल."

"आगं, पाणी शिरायला पाणी तर पाह्यजे!" मागून अण्णा.

"तुमी गप ऱ्हा. तुमाला काय ठावं पाणी कसं येतं ते!" ही आई, माझ्या अण्णांना.

दोघं भांडत होती, अगदी पूर्वीसारखीच, फक्त एकमेकांच्या बाजूनं. दोघांच्याही ते लक्षात आलेलं नव्हतं. हे कधी झालं? त्या चढावर सायकल ढकलता ढकलता की आणखी कधी? मी हसायला लागले, आणि हसता हसता मला काय होतंय ते कळेना.

विवेकनं खुणेनं विचारलं, काय म्हणतायत?

मी फोन कानाशी तसाच धरून म्हटलं, "थांब. अजून चाललंय त्यांचं."